हट्टी माणसांचे डेस्कटॉप

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट थांबवले आणि नातेवाइकांत माझा भाव एकदम वधारला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. पुण्यात घरोघरी पडलेले लॅपटॉप त्याच्या आधीचे. मुलगा नाहीतर मुलगी इंजिनिअरिंगला असताना घेतलेले. मुलं गेली बंगळुरूला किंवा अमेरिकेला, लॅपटॉप राहिला आईवडिलांकडे. कीबोर्डवरची दोनचार अक्षरं पुसली गेलीत, बाकी यंत्र ठणठणीत. असली वस्तू भंगारात घालायला पुणेकराचा हात धजत नाही. मग कुणीतरी सुचवतं, ‘लिनक्स टाकून घ्या की’, आणि फोन माझ्याकडे येतो.

लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम, टाकणं हा आता फारसा विषय राहिलेला नाही. पेन ड्राइव्ह लावा, भाषा आणि वेळ निवडा, चहा होईपर्यंत काम उरकतं. घोडं अडतं ते ‘डेस्कटॉप कुठला?’ या प्रश्नाशी. विंडोज वापरणाऱ्याला असा काही प्रश्न असू शकतो हेच माहीत नसतं. त्याच्या लेखी खालचा टास्कबार, कोपऱ्यातलं घड्याळ आणि फायली दाखवणारी पिवळी फोल्डरं म्हणजेच कॉम्प्युटर. लिनक्समध्ये हा सगळा दर्शनी भाग सुटा असतो. विंडो हलवणारा प्रोग्राम वेगळा, पॅनल वेगळा, फाइल मॅनेजर वेगळा, सूचना दाखवणारा वेगळा, वाय-फायचे पासवर्ड जपून ठेवणारा वेगळा. यांची एकमेकांशी जमवलेली मोट म्हणजे डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट. डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराच्या (अशा प्रकारांना डिस्ट्रो म्हणतात) इन्स्टॉलरमध्ये तर चक्क यादीच समोर येते: ग्नोम, एक्सएफसीई, ग्नोम फ्लॅशबॅक, केडीई प्लाझ्मा, सिनॅमन, माटे, एलएक्सडीई, एलएक्सक्यूटी. समोर चौकोन, हवं त्यावर खूण करा. नवखा माणूस इथे जो थबकतो तो थबकतोच.

अशा वेळी लोक विचारतात, सगळ्यात हलका कुठला, सगळ्यात देखणा कुठला. मला हे दोन्ही प्रश्न फारसे कामाचे वाटत नाहीत. यातला प्रत्येक डेस्कटॉप म्हणजे माणसाने कॉम्प्युटरवर कसं काम करावं याविषयी काही हट्टी माणसांचं ठाम मत आहे. त्यातल्या कुणाचा हट्ट आपल्याला रोज सकाळी उठून सोसवेल, एवढंच बघायचं असतं. हट्ट कुठून आले ते कळलं की निवड बरीच सोपी होते.

१४ ऑक्टोबर ही तारीख मला आधीच पाठ होती, ती वेगळ्याच कारणाने. १९९६ साली याच दिवशी जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठात शिकणाऱ्या मथियास एट्रिखने केडीईची घोषणा केली होती. तेव्हा लिनक्सवर प्रोग्रामांची वाण नव्हती, पण एकाचं तोंड पूर्वेला तर दुसऱ्याचं पश्चिमेला. बटणं वेगळी, मेनू वेगळे, स्क्रोल करायची तऱ्हासुद्धा वेगळी. एट्रिखचं म्हणणं असं, की सिस्टिम सांभाळणाऱ्या जाणकारांचं कसंही भागतं, साध्या वापरणाऱ्यासाठी एकसारखं दिसणारं आणि एकसारखं वागणारं काहीतरी हवं. त्यासाठी त्याने बटणं, मेनू बांधायचं तयार साहित्य म्हणून क्यूटी निवडलं, नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीचं. ते फुकट मिळत होतं, पण मुक्त सॉफ्टवेअरच्या व्याख्येत, म्हणजे कोड कुणालाही बदलता-वाटता यावा या अटीत, बसत नव्हतं. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांना हे रुचणं शक्य नव्हतं. ऑगस्ट १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोमचा घाट घातला. त्यांनी तसंच साहित्य म्हणून घेतलं जीटीके, मुळात गिंप या चित्रांच्या प्रोग्रामसाठी लिहिलेलं. पुढे २००० साली ट्रोलटेकने क्यूटीही जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली दिलं. झालं, भांडणाचं कारणच मिटलं. पण तोवर दोन्हीकडे माणसं जमली होती आणि आपापल्या सवयी मुरल्या होत्या. पुण्यात एका संस्थेच्या दोन संस्था झाल्या की मूळ वाद काय होता ते दहा वर्षांनी कुणालाच सांगता येत नाही, वार्षिक सभा मात्र दोन्हीकडे नेमाने होतात. तसंच हे.

मॉडेल कॉलनीत सिंबायोसिसच्या संस्थेत ग्नुनिफाय हे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं संमेलन भरायचं तेव्हा व्याख्यानांपेक्षा बाहेरच्या जिन्यातल्या चर्चा रंगायच्या. पुणे लिनक्स युजर्स ग्रुपमधली जाणती मंडळी, नुकतीच नोकरीला लागलेली पोरं, आणि विषय हाच. केडीईवाला म्हणायचा, ‘तुमच्यात साधं घड्याळ हलवता येत नाही.’ ग्नोमवाला म्हणायचा, ‘घड्याळ हलवायचंय कशाला?’ गमतीने बोललेल्या या दोन वाक्यांत दोन्ही प्रकल्पांचा स्वभाव जवळजवळ पुरता आलेला आहे.

ग्नोमच्या मंडळींना काढून टाकण्याचं धाडस आहे. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आलं तेव्हा खालची विंडोंची पट्टी गेली, मिनिमाइझ आणि मॅक्झिमाइझची बटणं गेली. २०१७ च्या ३.२६ मध्ये सिस्टिम ट्रे (चालू प्रोग्रामांच्या छोट्या आयकॉनांची जागा) गेला, २०१८ च्या ३.२८ मध्ये डेस्कटॉपवरचे आयकॉन गेले. दर वेळी कारणं दिली गेली आणि, प्रामाणिकपणे सांगायचं तर, त्यातली बरीचशी पटण्यासारखी होती. पण सवय कारणाने मोडत नाही. लोक भडकले. अर्जेंटिनातल्या एका आर्च लिनक्स वापरणाऱ्याने जुन्या ग्नोम २ चा कोड उचलून माटे सुरू केलं, लिनक्स मिंट या डिस्ट्रोने आपलं सिनॅमन बांधायला घेतलं, आणि खुद्द लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने जाहीर नापसंती व्यक्त करत एक्सएफसीई जवळ केलं. (नंतर तो ग्नोमवर परतलाही. हे मात्र कुणी आठवणीने सांगत नाही.) केडीईचा हट्ट बरोबर उलटा: काहीच काढायचं नाही. पॅनल हवा तिथे, बटणं हवी त्या क्रमाने, प्रत्येक गोष्टीला सेटिंग आणि त्या सेटिंगलाही पोटसेटिंग. या सगळ्या गदारोळात एक्सएफसीई शांत होतं. ऑलिव्हिए फूर्दांने तेही १९९६ मध्येच सुरू केलेलं, चिन्ह उंदराचं, नवी आवृत्ती येते दोनदोन वर्षांनी आणि आली तरी कळत नाही. हाही हट्टच, न बदलण्याचा.

आता मामाचा लॅपटॉप.

मामा सहकारनगरला राहतो. बँकेतून निवृत्त झाला आणि लगेच सोसायटीचा खजिनदार झाला. लॅपटॉप मामेभावाचा जुना, चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, चार जीबी रॅम, फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क. चालू केला की मामी भाजी निवडून होईपर्यंत गोल फिरत राहायचं. अशा लॅपटॉपला सगळे जण डोळे मिटून एक्सएफसीई सांगतात. मीही मिंटची एक्सएफसीई आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेऊन गेले, आणि सिनॅमनचीही. व्हेंटॉय नावाचा प्रोग्राम एकदा पेन ड्राइव्हवर टाकला की वेगवेगळ्या डिस्ट्रोंच्या फायली त्यावर नुसत्या कॉपी करायच्या. बूट करताना कुठली हवी ते तो विचारतो. लाइव्ह मोडमध्ये डिस्कला हात न लावता सगळं वापरून बघता येतं. या सोयीचा लोक पुरेसा फायदा घेत नाहीत असं माझं मत आहे. यूट्यूबवर तासन्‌तास तुलना बघतील, पण घरच्या माणसाला तासभर समोर बसवणार नाहीत.

मामाला बसवलं. मेनू त्याला लगेच सापडला, लिबरऑफिसमध्ये मेंटेनन्सची शीट उघडली, बेरजा जुळल्या. मग तो त्याचं नेहमीचं काम करायला गेला. डावीकडे बँकेचं स्टेटमेंट, उजवीकडे शीट. स्टेटमेंटला कमी जागा, शीटला जास्त. विंडो पडद्याच्या कडेला नेली की बरोबर अर्धी होते, हे मी दाखवलं. अर्धी नको होती. मग विंडोची कड धरून ओढायची. एक्सएफसीईत ही कड इतकी बारीक असते की टचपॅडवर बोट ठेवून कर्सर तिच्यापाशी न्यावा, बाण दुहेरी व्हावा, आणि दाबेपर्यंत बोट केसभर सरकून क्लिक मागच्या विंडोवर पडावं. मागची विंडो पुढे येते, शीट गायब होते. मामाने जीभ दातांत धरून पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. ऑल्ट दाबून उजव्या बटणाने विंडोत कुठेही धरलं तरी आकार बदलता येतो, तेही दाखवलं. त्याने ते करून पाहिलं, जमलं, मग चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला, “अगं, हे तू घरी गेल्यावर मला आठवणार नाही.”

त्याचं बरोबर होतं. कड जाड असलेली थीम लावता आली असती, पण मग दर अडचणीला एक जुगाड आणि दर जुगाडाला माझा एक फोन. सिनॅमन लावलं. तिथे कड दिसायला बारीकच आहे, पण तिच्याबाहेर न दिसणारी थोडी जागाही पकडीत येते. मामाचा कर्सर तिथे अचूक चिकटला. स्टेटमेंट हवं तेवढं, शीट हवी तेवढी. “हे ठेव,” म्हणाला. रॅम, प्रोसेसर, बूट व्हायला लागणारा वेळ, सगळं बाजूला राहिलं आणि निकाल लागला तो या कडेवर.

वेगाचा प्रश्न आम्ही दुकानात सोडवला. हार्ड डिस्क काढून एसएसडी, आणि रिकाम्या खाचेत आणखी चार जीबी रॅम. यातली एसएसडी ही खरी गोष्ट. रिकामा बसलेला कुठला डेस्कटॉप किती रॅम खातो यावर लोक हिरिरीने वाद घालतात, पण फरक काहीशे एमबींचा असतो, आणि ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडणारा माणूस तो फरक दुपारच्या आत गिळून टाकतो. दोन जीबीचं यंत्र असेल तर गोष्ट वेगळी; तिथे एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीईच बरं. एरवी जुन्या लॅपटॉपचं दुखणं बहुतेक वेळा ती फिरती तबकडी असते.

मामाच्या बाबतीत विंडोजसारखा दिसणारा डेस्कटॉप चालला म्हणून तो सगळ्या नवख्यांना चालेल असं मात्र नाही. माझी भाची पहिल्या वर्षाला आहे. तिचा जन्म फोनमधला. तिच्या लॅपटॉपवर डेबियन १३ आणि ग्नोम टाकलं, जवळजवळ मूळ रूपातलं, म्हणजे विंडोवर बंद करण्याची फुली सोडून एकही बटण नाही. मला वाटलं होतं पाच मिनिटांत कुरकुर सुरू होईल. तिने सुपर की (विंडोजचं चिन्ह असलेली कळ) दाबली, सगळ्या विंडो पसरलेल्या दिसल्या, दोन अक्षरं टाइप केली, प्रोग्राम उघडला. तीन बोटांनी टचपॅडवर सरकवलं, शेजारचा वर्कस्पेस (विंडो मांडायचा दुसरा पडदा) आला. “मावशी, हे फोनसारखंच आहे,” म्हणाली. मी विचारलं, मिनिमाइझचं बटण नाही, अडत नाही का? ती जरा विचारात पडली आणि म्हणाली, “पण मिनिमाइझ करून ते जातं कुठे?”

विंडोजच्या पहिल्या टास्कबारपासून ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना ग्नोम उद्धट वाटतं. ज्यांनी टास्कबारच पाहिला नाही त्यांना ते सरळ वाटतं. ग्नोमवर बोलताना आमची पिढी स्वतःच्या सवयीला सोपेपणा म्हणते, असा मला आता संशय येतो.

त्याच भाचीने महिनाभरात मैत्रिणीचं ऐकून त्याच डेबियनवर केडीईही चढवलं. यात वावगं काही नाही. लिनक्समध्ये दोन डेस्कटॉप शेजारी नांदतात आणि लॉगिन करताना छोट्या मेनूतून हवं ते सेशन निवडता येतं. इन्स्टॉल होत असताना मध्येच एक निळा-करडा पडदा येऊन विचारतो की लॉगिनची खिडकी ग्नोमकडच्या जीडीएमची ठेवायची की केडीईकडच्या एसडीडीएमची. माणूस इथे घाबरतो. घाबरू नये, दोन्हीतून दोन्ही सेशन उघडतात. खरा गोंधळ नंतरचा. मेनूत दोन टर्मिनल, दोन टेक्स्ट एडिटर, दोन सेटिंग. ग्नोममध्ये असताना पीडीएफ केडीईच्या ओक्युलरमध्ये उघडायला लागली. एक डेस्कटॉप पासवर्ड ग्नोमच्या कीरिंग या तिजोरीत ठेवणार, दुसरा केडीईच्या केवॉलेटमध्ये, त्यामुळे जो विचारू नये तो पासवर्ड विचारू लागतो. केडीई जीटीकेच्या प्रोग्रामांनाही आपल्यासारखं नटवतं आणि त्याची सेटिंग होम फोल्डरमध्ये लिहून ठेवतं. मग ग्नोममध्ये परत आलं की कर्सर आणि बटणं वेगळीच दिसतात. केडीई काढलं तरी हे सगळं जात नाही, कारण काढले जातात ते प्रोग्राम, आणि सेटिंग पडून असतात तुमच्या घरात, लपलेल्या डॉट-कॉन्फिग फोल्डरमध्ये. उपाय अगदी साधा. दुसरा डेस्कटॉप नुसता चाखून बघायचा असेल तर त्याच कॉम्प्युटरवर नवं युजर खातं उघडा आणि तिथे काय हवे ते खेळ करा. नाही आवडलं तर खातं उडवायचं. आणि डेबियनमध्ये केडीईचं पूर्ण पॅकेज न घेता नुसतं प्लाझ्मा डेस्कटॉपचं छोटं पॅकेज घ्यायचं, म्हणजे न मागितलेल्या प्रोग्रामांचं लटांबर मागे येत नाही.

मी स्वतः केडीईच्या प्लाझ्मावर आहे. मराठी मुद्रितं तपासणं हा माझा धंदा, आणि तिथे निवडीचे निकष आणखी बदलतात. या एका बाबतीत मला ग्नोमचं मोकळ्या मनाने कौतुक आहे. आयबस, म्हणजे मराठीसारख्या लिपी टाइप करून देणारा प्रोग्राम, त्यांनी आतूनच जोडून घेतलाय. सेटिंगमध्ये कीबोर्डखाली मराठी निवडा, सुपर आणि स्पेस दाबा, टाइप करा. प्लाझ्मात वेलँडवर (विंडो पडद्यावर उमटवणारी नवी व्यवस्था) आयबस किंवा त्याच कामाचं एफसीआयटीएक्स वापरायचं तर ते आधी ‘व्हर्च्युअल कीबोर्ड’ नावाच्या सेटिंगमध्ये जाऊन निवडावं लागतं, आणि मराठी टाइप करायला व्हर्च्युअल कीबोर्डमध्ये जायचं हे माणसाला सुचावं कसं? काही जण आयबस टाळून नुसता साधा इनस्क्रिप्टचा (प्रमाण मराठी कीबोर्डचा) लेआउट लावतात. तो चालतो, पण शिफ्ट आणि सात दाबून ‘क्ष’ किंवा शिफ्ट आणि पाच दाबून ‘ज्ञ’ यायची सवय असेल तर बोटं फसतात, कारण साधा लेआउट एका कळीला एकच युनिकोड अक्षर देऊ शकतो आणि ‘क्ष’ तर तिघांचा मिळून होतो. ‘तऱ्हा’, ‘दऱ्या’ लिहायला लागणारा ‘ऱ’ शिफ्ट आणि जे वर असतो, तो मात्र मिळतो. मी एफसीआयटीएक्स लावून घेतलंय आणि दोन वर्षं त्याच्याकडे पुन्हा पाहिलेलं नाही.

मग ‘ल’ आणि ‘श’. सिस्टिमची भाषा मराठी ठेवली आणि फाँटात सोय असली तर मेनूतसुद्धा आपले मराठी वळणाचे ल आणि श दिसतात. इंग्रजी ठेवली तर त्याच फाँटात हिंदी वळणाचे येतात. लोहित फाँटात ही सोय आहे, आणि तो रेड हॅटच्या पुण्यातल्या मंडळींनी बराच काळ सांभाळलेला. पॅनलची उंची कमी केली की वेलांटीचा शेंडा छाटला जातो, हे मी एकाहून जास्त डेस्कटॉपवर पाहिलं. पॅनल आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर रोमन अक्षरं असतात, त्याला डोक्यावर काही चढवायचं असतं हे ठाऊक नसतं. प्लाझ्मात पॅनलची उंची मला हवी तेवढी ओढून घेता येते. माझ्यासाठी केडीईचा हट्ट इथे कामी येतो.

पुढे सगळं वेलँडवर जाणार हे दिसतंच आहे. सप्टेंबर २०२५ च्या ग्नोम ४९ ने जुन्या एक्स११ चं सेशन मुळातच बंद ठेवलं. १९८७ पासून चालत आलेली व्यवस्था ती. सिनॅमन अजून एक्स११ वरच निवांत आहे आणि मामाच्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत, त्यामुळे त्याला हे सांगायच्या भानगडीत मी पडलेले नाही.

परवा त्याचा फोन आला. सोसायटीच्या सेक्रेटरींचा लॅपटॉपही त्याच वयाचा निघाला.

“काम कसं करतात ते?” मी विचारलं.

“कसं म्हणजे? पडद्यावर शंभर फायली पसरलेल्या. एक जरी हलवली तरी खपत नाही. घड्याळ वर हवं, मेनू उजवीकडे हवा. मीटिंगमध्येसुद्धा कुणाचं काही ऐकून घेत नाहीत गं.”

“मग केडीई,” मी म्हटलं. “फक्त ॲडमिनचा पासवर्ड तुझ्याकडे ठेव.”